मान भावाचा, कान दाजीचा

ग्यानबाचा खांदा असा आखडला होता, की पाठीवरची माशी हाकलायला बायको लागायची. त्यात धाकट्या बहिणीला नवरदेव मिळाला विजेच्या खांबाएवढा, अन् लग्नात त्याचा कान पिळायचा मान भावाचा! नवरदेवाकडचे हसले, “चुलतभाऊ पाठवा की.” बहीण कडाडली, “दादाच पिळंल, न्हाई तर मी मांडवात येत न्हाई!” तवा ग्यानबानं नांदेडच्या दवाखान्यात खांदा मोकळा करणाऱ्या रोबोटाशी झोंबी घेतली. लोखंडी पंजा त्याचा हात रोज बोटभर वर न्यायचा, ग्यानबा शिव्या घालायचा. शेवटी त्या रोबोटालाबी पाठ झाल्या. मांडवात नवरदेव मुद्दाम टाचा उचलून उभा राहिला. ग्यानबानं दातओठ खात हात उचलला. खांदा कुरकुरला, पण कान गावला! “दाजी, बहिणीला जपताल ना?” “व्हय!” “आयकू येत न्हाई!” “जपतो, मेव्हणं, जपतो!” दाजी असे बोंबलले, की पार हायवेवरच्या वारंगा फाट्यावर ट्रकांनी ब्रेक मारले.