वारा बघून

थोरल्याने मूठभर माती वर उधळली. ती बांधापलीकडे, धाकट्या भावाच्या द्राक्षबागेकडे गेली, तसा त्याने फवारणीचा ब्लोअर सुरू केला. युरोपात बंदी असलेलं औषध त्याने टाकीत मुद्दाम कालवलं होतं. धाकटा बांधावर उभा राहून औषध कालवण्यापासून सगळं बघत होता, पण एक शब्द बोलला नाही.

"घाबरट," थोरला पुटपुटला आणि त्याने ब्लोअर आणखी बांधाला खेटवला.

पुढच्या आठवड्यात निर्यातदाराचा माणूस आला. "धाकट्यांच्या बागेतला नमुना नापास झाला. बंदीचं औषध सापडलं."

"वाईट झालं," थोरला मिशीत हसत म्हणाला. "माझा माल कधी तोडताय?"

"तुमचा वेगळा कुठला? वाटण्या तुम्ही घरात केल्या. निर्यातीची नोंद अजून वडिलांच्या नावावर एकच आहे. दोन्ही बागा गेल्या."

थोरला तरातरा बांधावर धाकट्याकडे गेला. "नोंद एकच आहे, हे तुला माहीत होतं?"

"दरवर्षी मीच तर करून आणतो."

"मग त्या दिवशी मला अडवलं का नाहीस?"

धाकट्याने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "अडवलं असतं, तर तुझी बाग वाचली असती."