न पुसता येणारी ओळ

ओहायोतल्या एका गावाच्या पाणी खात्यात लॉरेटा डेटाबेस सांभाळायची. तिचा साहेब केंट टेबलाशी येऊन उभा राहिला.

“शाळेच्या पाण्यात शिसं सापडल्याची ती नोंद पुसून टाक.”

“नाही पुसता येणार. डेटाबेसच्या नव्या आवृत्तीत सोय आलीय, एकदा लिहिलेली ओळ कोणालाच काढता येत नाही.”

“तीस वर्षं डेटाबेसच सांभाळतेयस ना? काढ काहीतरी वाट. कोणी सुरू केली ही सोय?”

“मी. नव्या सोयींची यादी तुला पाठवली होती. तू न वाचताच सही केलीस.”

“नोकरी हवीय ना, लॉरेटा?”

“हवीय. मागच्या वर्षी याच भीतीने एक नोंद पुसली मी,” ती म्हणाली. “म्हणून या खेपेला कुलूप आधी माझ्याच हातांना घातलं.”