दुसरा कागद

मतदानाच्या पडद्याआड पिरोश्काने दोन्ही कागदांवर फुल्या मारल्या, मेयरने सांगितलं होतं तिथेच. मोबाइलवर फोटो काढला आणि पाठवून दिला. शाळेच्या दारात उभ्या मेयरच्या खिशात फोन वाजला.

"हं, आली ताळ्यावर!" तो मोठ्याने म्हणाला.

आजवर असं नव्हतं. मतं दोन असतात: पहिला कागद उमेदवाराचा, दुसरा पक्षाचा. मेयर फोटो मागायचा तो फक्त पहिल्याचा. तो दिला की गावचे रस्ते झाडायचं काम टिकायचं, हिवाळ्याचं सरपण मिळायचं. दुसऱ्यावर मात्र पिरोश्का आपल्या मनाने फुली मारायची आणि तेवढ्यावर मान ताठ ठेवून घरी यायची. झाडूवाल्या सगळ्याच बायांचं तसं होतं. बोलायचं कुणी नाही, इतकंच.

परवा मेयरने तिला रस्त्यातच गाठलं. "या खेपेला दोन्ही कागद, पिरोश्का. नाहीतर सोमवारी झाडू जमा."

"दुसऱ्याचं काय लोणचं घालणार आहात?"

"जास्त शहाणपणा नको."

तेव्हापासून तिचा नुसता जळफळाट चालला होता.

ती पडद्यातून बाहेर आली. मतपेटी समोरच होती. हात पेटीपर्यंत गेला आणि थांबला. मग ती सरळ टेबलापाशी गेली आणि घडी घातलेले दोन्ही कागद तिने पुढे ठेवले.

"फुल्या चुकल्या माझ्या. नवे द्या."

टेबलामागच्या बाईने चोरून मेयरकडे पाहिलं. पण पेटीत टाकण्याआधी चूक सांगितली, तर एकदा नवे कागद द्यावेच लागतात. तिने ते दिले.

"दोन्ही कशा चुकल्या गं?" मेयर दारातून ओरडला. "डोळे फुटले होते का?"

"फुटलेच होते. इतकी वर्षं!"

"सोमवारी झाडू आणून टाक माझ्यासमोर!"

"टाकते की. तुमच्या दारातलं तेवढं तुम्हीच झाडा."

शेजारचा पडदा हलला. तिच्याबरोबर झाडणारी इलुश डोकं बाहेर काढून म्हणाली, "अगं बाई, माझ्याही चुकल्या बघ!" रांगेतल्या बाया फिस्सकन हसल्या. मेयरचा चेहरा उतरला.

पिरोश्काने नवे कागद उचलले. पडद्याआड जाता जाता ती वळली.

"दुसरा मागायला नको होतात, मेयरसाहेब. पहिला जन्मभर तुमचाच राहिला असता."