एकशे बारा पावलांचा चढ

शिवणकामवाल्या काकू बैठकीला दहा मिनिटं उशिरा पोचल्या. कारण तो चढ.

"आलात! कधीची वाट बघतोय तुमची," दारातल्या मुलीने त्यांच्या काखेतली फाइल पाहिली आणि अदबीने आत नेलं.

काकूंना बरं वाटलं. आरोग्य केंद्राच्या पत्रात 'ज्येष्ठांचे मत मोलाचे' असं छापलं होतं. तसं ते गेल्या वर्षीही छापलं होतं. तेव्हा मात्र छातीवर 'आजी' लिहिलेलं कागदी फूल टोचून, रबरी चेंडू दाबायला देऊन, चहा पाजून सगळ्यांची बोळवण केली होती. या खेपेला गादीची खुर्ची होती आणि समोर पाच माणसं पेनं उघडून बसली होती. उशिरा का होईना, शहाणे झाले, काकू मनात म्हणाल्या.

"बोला मॅडम," मुख्य अधिकारी म्हणाले.

चाळीस वर्षं गावाची मापं घेतलेल्या बाईला कसली भीड?

"फाटकापासून तुमच्या दारापर्यंत एकशे बारा पावलं. सगळा चढ. मध्ये टेकायला दगडसुद्धा नाही. आमच्या ह्यांना चाळिसाव्या पावलाला धाप लागते. चार महिने तपासणीला आले नाहीत. विचारलं तर म्हणतात, मी ठणठणीत आहे. आणि रात्रभर उशाला टेकून बसतात."

"घरचंच उदाहरण! लिहून घ्या," अधिकारी शेजारी बसलेल्याच्या कानात कुजबुजले. "आणि उपाय, मॅडम?"

"बाक. चाळिसाव्या पावलावर एक, ऐंशीव्यावर दुसरा." काकूंनी पर्समधून टेप काढून टेबलावर ठेवली. "बाहेरच्या खुर्च्या सोळा इंच उंच आहेत. आत्ताच मोजल्या. बसलेल्या म्हाताऱ्याला उठवायला दोघं लागतात. अठरा इंच हव्यात, आणि हात असलेल्या."

"टेप कायम जवळ असते?"

"मोजल्याशिवाय बोलणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला."

पाचही माणसांनी हे वाक्यसुद्धा लिहून घेतलं.

शेजारच्या खोलीतून टाळ्या आणि "हात वर, हात खाली" ऐकू येत होतं. काचेतून काकूंनी डोकावलं. व्यायाम चालला होता. पांढऱ्या केसांच्या एक बाई सगळ्यांचे हात खाली आले तरी आपला वरच धरून होत्या. मध्येच उठायच्या, मुली त्यांना गोड हसून पुन्हा बसवायच्या. ताल चुकतोय बिचारीचा, काकूंना वाटलं.

तासाभरात ठराव लिहून झाला. अधिकाऱ्यांनी सही ठोकली.

"बाक कधी बसणार?" काकूंनी विचारलं.

"सोमवारी. तुम्ही सांगितल्यावर उशीर कसा करू?"

काकूंचा ऊर भरून आला. मंगळवारी ह्यांना हाताला धरून आणायचं. आता कुठली सबब सांगतात तेच बघू! त्यांनी टेप गुंडाळली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. त्याच पांढऱ्या केसांच्या बाई दारात उभ्या होत्या. छातीवर कागदी फूल, मुठीत लाल चेंडू.

"तासभर घसा फोडून सांगतेय," त्या अधिकाऱ्यांवर कडाडल्या, "की मी राजधानीहून तुम्हाला सल्ला द्यायला आलेली तज्ज्ञ आहे! आणि तुमच्या मुली म्हणतात, 'हो हो आजी, आधी चेंडू दाबा.'"