उसनी फुंक

कारखान्यातल्या तपासनीस मुलीने श्रीपतरावांची क्लॅरिनेट यंत्रातून बाहेर काढली.

"आजोबा, वाद्यात दोष नाही. लाकडाऐवजी आता जे द्रव्य वापरतो, ते वाजवणाऱ्याला कमी पडणारी फुंक स्वतःच भरतं. तुमची वर्षभर भरतंय."

"म्हणजे माझ्या फुंकेशी जुळणी चोख केलीत!" श्रीपतराव हसले. "शनिवारी मैफल आहे. अजून थोडी वाढवा की."

"आता वाढवायला जागाच नाही."

शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, अक्काताई, म्हणाल्या, "बाळ, ते भरणं जरा बंद कर."

मुलीने ते बंद करून दिल्यावर श्रीपतरावांनी क्लॅरिनेट ओठांना लावली. मानेच्या शिरा ताठल्या, पण नळीतून नुसती हवा गेली.

रोज स्वयंपाकघरात तो भरदार सूर ऐकून अक्काताई निर्धास्त राहिल्या होत्या. त्यांनी नवऱ्याचा हात धरला.

"अहो, उठा. मैफल राहू दे. आधी डॉक्टर."