मांडवाबाहेरचा गळा

बोरीत कुणाचंही लग्न निघालं, की हळदीची गाणी बायनाबाईनंच उचलायची. ती एक ओळ सोडायची आणि अख्खा मांडव तिच्यामागं गायचा. यंदाच्या प्लेगात तिचा धनी गेला, आणि माघात शेजारच्या दिनकररावांच्या लेकीला, कासाईला, हळद लागली.

"केवळा, आता पुढं तू म्हण," तिनं धाकट्या जावेला सांगितलं. "इहिणीला टोमणे मारताना लाजू नको. नवरीचं नाव मात्र हळू घे, लय रडकी हाय ती."

"अन् तुमी, अक्का?"

"पांढऱ्या कपाळाला हळदीत कोण बसू देतंय गं? जा, उशीर व्हायलाय."

भिंतीपलीकडं केवळाचा आवाज दुसऱ्याच कडव्याला अडकला. बाया गप झाल्या. पाटावरच्या कासाईचा हुंदका तेवढा बायनाबाईला ऐकू आला.

ती उठून जात्याशी बसली. विधवेनं दळताना गाऊ नये, असं अजून कुणी म्हटलं नव्हतं. घरघर सुरू झाली, तिनं पुढची ओळ सोडली आणि पलीकडं मांडवानं ती अलगद झेलली.

जात्यात दाणा मात्र एकही नव्हता.