घाटातला टर्बो

यवतेश्वरच्या घाटात दरवर्षी मेहुणा मोठ्या गाडीतून टाटा करत दिगंबररावांच्या साध्या, छोट्या गाडीला मागे टाकायचा. यंदा दिगंबररावांनी बायकोला न सांगता इंजिनाला जोर वाढवणारा टर्बो बसवून घेतला.

चढ लागताच त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी शीळ घालत सुसाट निघाली. मेहुणा मागे पडला, बायको किंचाळली आणि दिगंबरराव घाटभर एकटेच हसत राहिले.

वर पोचून ते गाडीला टेकून ऐटीत उभे राहिले. मेहुणा आला तो धावतच. बहिणीला जवळ घेत त्याने विचारलं, "दाजी, अ‍ॅक्सिलरेटर अडकला होता का हो? माझे तर हातपायच गळाले!"

त्याच्या गाडीचं दार मागे तसंच उघडं होतं. महिनाभर घोटून ठेवलेला टोमणा दिगंबररावांनी गिळला.

"अडकला होता," ते म्हणाले. "आता सुटला."